पाच सेंटची ग्लेनिस

सोमवार, ३ जुलै

आज कलावर्गात नाव घातलं. गावचा जुना हॉल, दर सोमवारी दहा ते बारा, चहा आपापला आणायचा. आमच्याकडच्या जुलैच्या थंडीत घरात एकटीने हीटर जाळण्यापेक्षा हॉलचा हीटर बरा, हे एक कारण. दुसरं कारण असं की सव्वीस वर्षं सोमवारी सकाळी मी सुपरमार्केटच्या दोन नंबरच्या काउंटरवर उभी असायचे. आता सोमवार उजाडला की पायांना कुठे जायचं ते कळत नाही.

शिकवायला ॲडलेडहून पर्डी नावाची मुलगी येते. तिशीची असेल. अंगात रंगाऱ्यासारखा डगला, पण त्यावर रंगाचा एक डाग नाही. तिने सगळ्यांना विचारलं, तुम्हाला राग कशाचा येतो? तिथून सुरुवात करा. बाकीच्या बायकांना कशाचाच राग येत नव्हता, त्यांना धक्क्यावरचे सीगल काढायचे होते. मी म्हटलं, सुपरमार्केटमधल्या त्या सहा नव्या यंत्रांचा. पर्डीचे डोळे चमकले. म्हणाली, "म्हणजे चंगळवादाचा."

मी हो म्हणून टाकलं. माझा राग इतका भारदस्त आहे हे मला आजच कळलं.

गुरुवार, ६ जुलै

एक गोष्ट इथे स्पष्ट लिहून ठेवते. मला ग्लेनिसचा राग आलेला नाही.

जूनमध्ये दुकानात आपलं बिल आपणच करायची यंत्रं आली आणि काउंटरवरच्या आम्हा दोघींपैकी एकीलाच ठेवायचं ठरलं. यंत्र अडलं की वर लाल दिवा लागतो, तेव्हा धावत जायला एक माणूस लागतं. ग्लेनिसला ठेवलं. ती माझ्यापेक्षा तीन वर्षांनी मोठी आहे, डाव्या पायाचा अंगठा वाकून गाठ आलेली आहे, आणि पंखा चालू असला की तिला निम्मं ऐकू येत नाही. मी फक्त माहिती देते आहे.

मी दोन नंबरवर, ती तीन नंबरवर, पाठीला पाठ लावून सव्वीस वर्षं. कामावरच्या माणसाने स्वतःच्या सामानाचं बिल स्वतः करायचं नाही असा नियम होता. म्हणून तिचं मी करायचे आणि माझं ती. ग्लेनिसच्या अंड्यांना त्या काळात माझ्याशिवाय कोणाचा हात लागलेला नाही.

आता मी वाणसामानाला पस्तीस किलोमीटरवरच्या गावी जाते. पेट्रोल धरलं तर दूध सोन्याच्या भावाने पडतं, पण तत्त्व म्हणून काही असतं की नाही?

संध्याकाळी तिचा फोन आला होता. उचलला नाही. हात कणकेत होते.

(कणीक नव्हती. स्वतःच्या डायरीत तरी खोटं कशाला लिहू?)

सोमवार, १० जुलै

सुचलं! कलावर्गात रुमाल काढायला गेले तर पर्स उलटी झाली आणि पाच सेंटची नाणी टेबलाखाली घरंगळली. ती उचलायला कोणीही वाकलं नाही, मीसुद्धा नाही. पाच सेंटचं नाणं आमच्या गावात रस्त्यात पडलेलं असलं तरी लोक ओलांडून जातात. आणि ती नवी यंत्रं तर नाणं घेतच नाहीत, त्यांना फक्त कार्ड दाखवायचं.

म्हणून मी एक यंत्र करणार, खऱ्याएवढं उंच, आणि ते वरपासून खालपर्यंत पाच सेंटच्या नाण्यांनी मढवणार. नाणी न घेणारं यंत्र, कोणालाच नको असलेल्या नाण्यांचं. पर्डी म्हणाली याला मांडणशिल्प म्हणतात. तिला ते इतकं आवडलं की ती माझा चहा पिऊन गेली.

हॉलची देखभाल मर्व्ह करतो. सत्तरीचा आहे, बायको जाऊन सहा वर्षं झाली. तो म्हणाला, नाण्यांना भोकं पाडू नकोस हं, कायद्याने गुन्हा आहे. मग सिलिकॉनने चिकटवायचं ठरलं, नंतर सोलून काढता येतं. सांगाड्यासाठी कोंबड्यांची जाळी त्याने स्वतःच्या खुराड्यामागून आणून दिली.

मी सिलिकॉनची बंदूक आणली, बॅटरीवर चालणारी. साधी निम्म्या किमतीत होती, पण कलाकाराला हत्यार चांगलं लागतं. एक डगला पण घेतला, पर्डीसारखा. दोन घेतले, दुसऱ्यावर सूट होती.

शुक्रवार, २१ जुलै

बेकरीत चिठ्ठी लावली होती, "तुमची पाच सेंटची नाणी रेलीन ट्रेनगोव्हला द्या." आठवड्यात अकरा बरण्या आल्या. आणि प्रत्येकाचा प्रश्न एकच, ही मदत कशासाठी? आमच्या लोकांना चार नाणी एकत्र दिसली की कुठल्यातरी सत्कार्याचा वास येतो. मी सांगते, चंगळवादावर आहे. म्हाताऱ्या चिनोवेथबाईंनी माझा हात हातात घेतला आणि म्हणाल्या, "माझ्या नणंदेलाही तेच झालं होतं गं. पण शेवटपर्यंत हसतमुख होती."

बरण्या संपल्या आणि यंत्र कमरेपर्यंतच झालं होतं. मी काळजीत होते. पण आज सकाळी दार उघडलं तर पायरीवर पिशवी. आत पाच सेंटची नाणी, बँकेत मिळतात तशा छोट्या पारदर्शक पुड्यांत, प्रत्येकीचं तोंड नीट दुमडून टाचलेलं. चिठ्ठी नाही, नाव नाही.

मला वाटतं मर्व्ह असावा. जाळी देताना त्याने माझ्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं होतं.

शुक्रवार, ४ ऑगस्ट

आज पायरीवर तिसरी पिशवी. शुक्रवार चुकत नाही. पहाटे गाडीचा आवाज येतो, मी उठून पडदा सारेपर्यंत ती वळणावर गेलेली असते.

अंजिराचा केक करून हॉलवर नेला आणि मर्व्हच्या हातात ठेवला. हे कशाबद्दल, असं त्याने विचारलं. मी म्हटलं, तुला ठाऊक आहे. तो कानापर्यंत लाल झाला. कबुली द्यायची नसेल तर राहू दे. पुरुषांना अशा गोष्टी बोलता येत नाहीत. केक मात्र त्याने उभ्याउभ्याच संपवला.

सोमवार, ७ ऑगस्ट

यंत्र पूर्ण झालं. वर दिवासुद्धा आहे, लाल, सायकलचा. पर्डीने तीन चकरा मारल्या आणि म्हणाली, काहीतरी कमी आहे. माणूस कुठे आहे?

मी म्हटलं, यंत्राशेजारी एक बाई उभी असते. मदतीला.

"मग ती करा. यंत्राची दासी," पर्डी म्हणाली.

आजच पायांपासून सुरुवात केली. कुठल्याही कामकरी बाईचे असतात तसे पाय. डावा जरा बाहेर वळलेला, आणि त्या बुटाला अंगठ्याच्या बाजूला कात्रीने चीर दिलेली, गाठ दुखू नये म्हणून. पुष्कळ बायका असं करतात.

ग्लेनिसने फोनवर निरोप ठेवला होता. कशी आहेस, गुरुवारी जेवायला ये. कामात आहे.

सोमवार, २१ ऑगस्ट

बाई आता गळ्यापर्यंत आली आहे. हात पोटाशी बांधलेले, मान किंचित पुढे, मणीदार साखळीला लोंबणारा चष्मा. पर्डीने विचारलं, ही कोणी विशिष्ट बाई आहे का? मी म्हटलं, छे, ही सगळ्याच कामगारांची प्रतिनिधी आहे. मर्व्ह शिडीवर बल्ब बदलत होता. तो म्हणाला, "ही तर..." आणि मग खोकला.

मोठी बातमी अशी की आमच्या वर्गाचं हॉलमध्ये प्रदर्शन भरणार आहे आणि शहरातल्या कलादालनातल्या एक बाई उद्घाटनाला येणार आहेत. पसंत पडलं तर माझं शिल्प ॲडलेडला जाईल. उद्घाटन एक ऑक्टोबरला, रविवारी. पर्डीने शनिवार सुचवला होता. मी तिला समजावलं की शनिवारी फुटबॉलची अंतिम लढत आहे, त्या दिवशी राजा आला तरी हॉलमध्ये चार डोकी जमणार नाहीत.

आज टोपी घेतली, कलाकार घालतात तशी. रंग दोन होते, दोन्ही घेतल्या.

शुक्रवार, २५ ऑगस्ट

पिशवी नाही. सकाळी नऊपर्यंत पडद्याआड उभी होते. मर्व्हला राग आला की काय? गेल्या केकमध्ये अंजीर जरा जास्त झाले होते खरे.

शुक्रवार, १ सप्टेंबर

आज दोन पिशव्या! गेल्या आठवड्याची राहिलेली धरून. म्हणजे राग गेला. त्याला लिंबाचा केक नेला. हल्ली तो मला बघून केस सारखे करतो.

गुरुवार, १४ सप्टेंबर

आज चेहरा केला.

फोटो नव्हता. लागलाही नाही. गिऱ्हाइकाने काही मूर्खासारखं विचारलं की ओठांच्या डाव्या कोपऱ्यात एक रेघ पडते, हसू दाबल्याची. आम्ही पाठीला पाठ लावून उभ्या असायचो, तरी मला कळायचं की आत्ता ती रेघ पडली असणार. मग मलाही हसू आवरायचं नाही. गोल नाण्यांनी रेघ काढणं अवघड आहे, एकावर एक चढवून तिरपी लावावी लागतात. माझे हात थांबलेच नाहीत. बारा वाजले, एक वाजला, जेवायची आठवण झाली नाही.

संपल्यावर मागे सरकून पाहिलं. हुबेहूब. इतकी हुबेहूब की कोणीही हसेल. गाव हसेल, सगळे तिच्याकडे वळून बघतील, यंत्राची दासी म्हणतील. मला हेच हवं होतं का? होतं. लिहिलं एकदाचं. जूनपासून मला हेच हवं होतं.

मग डोळ्यांतून पाणी आलं. सिलिकॉनचा वास फार उग्र असतो.

शुक्रवार, २९ सप्टेंबर

आज घडलं ते क्रमाने लिहिते.

शेवटच्या पिशवीबद्दल आभार मानायला मर्व्हकडे गेले, या वेळी केक आणि वर सॉसेज. म्हटलं, आता उद्घाटन झालं की तरी मोकळेपणाने बोल, इतकी नाणी कुठून आणलीस? तो गोंधळला. मग हळूच म्हणाला, कसली नाणी? मी पिशव्यांचं सांगितलं. बिचारा खुर्चीतच बसला. म्हणाला, "मला वाटलं तू मला केक... म्हणजे... मला वाटलं मी तुला आवडतो."

मी सॉसेज टेबलावर ठेवले.

मग त्याने सांगितलं. त्याला पहाटे झोप लागत नाही, कोंबड्यांना दाणा टाकत असतो. दर शुक्रवारी साडेपाचला ग्लेनिसची पिवळी गाडी त्याच्या दारावरून माझ्या रस्त्याला जाताना त्याने पाहिली आहे. बुधवारी तिला अर्ध्या दिवसाची सुट्टी असते. आमच्या गावची बँक बंद झाली, म्हणजे ती शेजारच्या गावच्या बँकेत जाऊन नोटा देऊन नाणी घेत असणार. स्वतःच्या पैशाची. दर आठवड्याला.

तिच्याच नाण्यांनी मी तिचं नाक केलं आहे. परवा ते सगळ्या गावाला दाखवणार आहे.

शनिवार, ३० सप्टेंबर

दुपारभर रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. घराघरांतून टीव्हीचा गलका ऐकू येत होता. मी हॉलमध्ये जाऊन चेहरा उतरवला. सिलिकॉन सोलून निघतं हे खरं, पण ती डाव्या कोपऱ्यातली रेघ निघता निघेना, सुरीने काढावी लागली.

तिथे मी माझं तोंड बसवलं. रुंद जबडा, आखूड कुरळे केस, वर कपाळाची आठी. चष्म्याची साखळी तोडली. छातीवर माझी दुकानातली जुनी नावाची पट्टी लावली, "रेलीन". आता कोणी हसलं तर मला हसेल. पर्डीला फोन करून सांगितलं, ती म्हणाली, वा, हे तर आणखी धाडसी आहे. तिला काहीही धाडसी वाटतं.

हलकं वाटायला हवं होतं. वाटत नाही.

रविवार, १ ऑक्टोबर

अख्खं गाव आलं. प्रत्येकाने घरून एकेक ताट आणलं होतं, त्यामुळे कलेपेक्षा पाव-सँडविच आणि चिकट केकच जास्त होते. दाराशी कोणीतरी सवयीने डबा ठेवला, आणि आमच्याकडे दाराशी डबा असला की प्रत्येक जण डॉलर-दोन डॉलरचं सोनेरी नाणं टाकून आत येतो. कशासाठी ते कोणी विचारत नाही. चिनोवेथबाईंनी दोन टाकली, नणंदेच्या आठवणीला.

लोक शिल्पासमोर खूप हसले. माझा जबडा ओळखला. शहरातल्या बाईंनी बरंच काही टिपून घेतलं आणि पर्डीच्या कानात काही सांगितलं, तेव्हा पर्डीने मला दुरून अंगठा वर करून शाबासकी दिली.

मी दाराकडे बघत होते. चार वाजता ग्लेनिस आली. अंड्याच्या सँडविचचं ताट टेबलावर ठेवलं, गर्दीतून वाट काढत पुढे गेली आणि शिल्पासमोर उभी राहिली. चेहऱ्याकडे खूप वेळ बघितलं. मग हळूहळू खाली, हातांकडे, खाली पायांपर्यंत.

मी जाऊन शेजारी उभी राहिले. म्हटलं, आवडलं का? यात मीच आहे.

"चेहरा तुझा आहे," ती म्हणाली. "पाय माझे आहेत."

पाय! मला पाय सुचलेच नाहीत. तो बाहेर वळलेला डावा, ती बुटाची चीर. आणि त्याच्याशेजारी खाली जमिनीवर तोच बूट, तीच चीर, ग्लेनिसच्या पायात.

मी काही बोलायच्या आत ती निघून गेली. ताटसुद्धा नेलं नाही.

सोमवार, २ ऑक्टोबर

शहरातल्या बाईंना शिल्प हवं आहे. पर्डी फोनवर आनंदाने ओरडत होती. मी विचार करून सांगते म्हटलं.

ग्लेनिसला पाच वेळा फोन केला. उचलत नाही. तिचे हात कणकेत असतील.

गुरुवार, ५ ऑक्टोबर

आज जूननंतर पहिल्यांदा दुकानात पाय ठेवला. दुसरं काही सुचत नव्हतं. घरी गेले तर दार उघडणार नाही, पण कामावर असताना ती जाणार कुठे?

टोपलीत दूध, पाव, सहा अंडी आणि दोन केळी घेतली आणि थेट यंत्रापाशी गेले. महिनाभर मी त्या यंत्राची नाण्या-नाण्याने हुबेहूब नक्कल केली, पण खऱ्याला कधी हात लावला नव्हता. दूध दाखवलं तर बीप झालं. पिशवीत ठेवलं तर यंत्रातली बाई बोलली, "पिशवीच्या जागी अनपेक्षित वस्तू आहे." वर लाल दिवा.

ग्लेनिस सहा नंबरवरून आली. माझ्याकडे न बघता गळ्यातलं कार्ड लावलं, दिवा विझवला आणि गेली. मी पाव ठेवला. लाल दिवा. ती आली, विझवला, गेली. तोवर मी खरोखरच चुकत होते. अंडी मात्र मी मुद्दाम उचलली, ठेवली, परत उचलली. केळ्यांच्या जागी बटाट्यांचं बटण दाबलं. मागे रांग लागली, कोणीतरी घसा खाकरला. पोस्टातल्या डेरिलने मदत करू का विचारलं, मी त्याला म्हटलं, तू तुझं बघ.

सातव्यांदा दिवा लागला तेव्हा ती आली आणि गेली नाही.

"मुद्दाम करते आहेस."

"हो," मी म्हटलं. "तू बोलेपर्यंत करणार. ग्लेनिस, ती तूच होतीस. चेहराही तुझाच केला होता मी. रागाने केला होता, गाव तुला हसावं म्हणून. मग पिशव्यांचं कळलं आणि मी तो काढून टाकला. मला क्षमा कर."

रांगेतलं खाकरणं थांबलं.

"मला ऑगस्टपासून ठाऊक आहे," ती म्हणाली. "नाण्यांचं काय करतेस बघावं म्हणून मर्व्हला हॉल उघडायला लावला होता. चेहरा नव्हता तेव्हा, पण चष्मा होता, पाय होते. घरी जाऊन रडले. ठरवलं, आता एक दमडी द्यायची नाही."

मला तो शुक्रवार आठवला. पिशवी न आलेला.

"मग परत का दिलीस?"

तिने दिवा विझवायला कार्ड उचललं होतं, ते तसंच हातात राहिलं. "जूनपासून तू माझ्याकडे बघितलं नाहीस, रेलीन. रस्ता ओलांडून जायचीस. आणि तिथे माझ्या बुटाची चीरसुद्धा होती. मी म्हटलं, रागाने का होईना, बघते तर आहे. पुढल्या महिन्यात परत जाऊन आले. चेहरा झाला होता. माझ्याकडे इतकं नीट कोणी कधी बघितलेलं नाही. मी रविवारी तो बघायला आले होते. नवा कोट घालून आले होते. आणि तू तो सोलून टाकलास."

मी तिथेच, केळी हातात धरून, सगळ्यांसमोर रडले. डेरिलने रुमाल दिला, तो मी घेतला.

मी पर्डीला संध्याकाळी कळवलं की शिल्प शहराला आत्ता मिळणार नाही, ते अपुरं आहे. शनिवारी सकाळी ग्लेनिस हॉलवर समोर बसायला येणार आहे. म्हणते की मागच्या वेळी नाक मोठं झालं होतं, या वेळी मी तिच्याकडे बघून करावं.